साहेब येणार म्हणून पोतारलेल्या भिंती

आमचे हे जीप चालवायचे आणि मी काळजी करायची, अशी आमच्या घरात कामाची वाटणी होती. त्यांची काळीपिवळी सकाळी औंढा नागनाथला जायची, तिथून सवाऱ्या भरून डोंगरातली गावं घेत सेनगावच्या बाजूला उतरायची आणि दिवस मावळायच्या आत परत यायची. म्हणजे परत यावी अशी माझी अपेक्षा असायची. या सगळ्या रस्त्याच्या मधोमध आमचं गाव, आणि गावाला लागून नदीवरचा पूल.

रस्ता फार देखणा आहे असं लोक म्हणत. श्रावणात नागनाथाच्या दर्शनाला आलेली नांदेड-परभणीकडची माणसं मुद्दाम वाकडी वाट करून इकडे यायची आणि पुलाच्या अलीकडे गाड्या थांबवून फोटो काढायची. एका अंगाला सागाचा डोंगर, दुसऱ्या अंगाला वळणं घेत जाणारी नदी, मधे वडांची रांग. सीताफळांच्या दिवसांत आमच्या बाया तिथंच पाट्या मांडून बसत. एकदा एक शहरातली बाई मला म्हणाली, तुम्ही किती नशीबवान, रोज हे बघायला मिळतं. मी हसले. मला लग्न होऊन आल्यापासून त्या रस्त्यावर पुलाशिवाय दुसरं काही दिसलंच नव्हतं.

पूल निजामाच्या काळातला, दगडी आणि बुटका. दोन्ही कडांना कठडा म्हणून गुडघाभर उंचीचे दगड रोवलेले. पावसाळ्यात पाणी पुलावरून वाहायचं आणि मग या दगडांवर सगळ्या रस्त्याचा कारभार चालायचा. दगडांची डोकी पाण्यावर दिसताहेत तोवर गाडी घालायची, डोकी बुडाली की थांबायचं. नियम चांगला होता, फक्त डोकी दिसतात की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं होतं. घरी जायची घाई असलेल्या माणसाला बुडालेलं डोकंसुद्धा दिसतं.

आमचं घर रस्त्याकडेच्या ओळीत पहिलं, पुलाच्या सगळ्यात जवळचं. त्यामुळे मला सगळं ओट्यावरून दिसायचं, हे माझं आणखी एक नशीब. एका भाद्रपदात हे रिकामी जीप घेऊन पलीकडून आले, थोडा वेळ थांबले, आणि मग पाण्यात घातलीच. मधोमध आल्यावर मागचं चाक कडेला सरकलं. कडेचा एक दगड उखडून पाण्यात गेला, जीप पुढच्या दगडाला टेकून उभी राहिली. मी ओट्यावर उभी होते आणि माझ्या तोंडातून आवाज फुटत नव्हता. कसाबसा गिअर टाकून त्यांनी गाडी बाहेर काढली, दारात लावली आणि म्हणाले, "चहा टाक." तेव्हा मात्र माझा आवाज फुटला. मी इतकी ओरडले की शेजारची म्हातारी मधे पडली.

त्याच वर्षी हत्तीच्या, म्हणजे हस्त नक्षत्राच्या पावसात नदी गावात शिरली. रस्त्याकडेची सगळी ओळ पाण्यात गेली. आम्ही लेकरं, मेंढरं आणि देव घेऊन डोंगराच्या पोटाला असलेल्या वाड्याकडे पळालो. वाडा म्हणजे मेंढरं कोंडायचं काटेरी कुंपण. दुसऱ्या दिवशी खाली आलो तेव्हा पाणी उतरलं होतं, पण घराघरांच्या भिंतींवर त्यानं आपली खूण सोडली होती, गढूळ तांबूस डाग. दसऱ्याला बायांनी भिंती सारवून घेतल्या, तरी ओल वाळली तसा डाग पुन्हा वर आला.

हिंगोली जिल्हा नवा झाला त्याच्या आसपास पुलाचं बोलणं सुरू झालं. देवदर्शनाला येणारी वाहनं वाढली होती, रस्ता रुंद करायचा, जुना पूल काढून नवा बांधायचा असं वरून ठरलं. आणि त्यात नवलाची गोष्ट म्हणजे लोकांना विचारून करायचं. एक तरुण साहेब येऊन चावडीवर सांगून गेले, की चैत्रात मी पुन्हा येईन, गाव जमवा, बायांनाही बोलवा. मेंढरं कुठून जातात, गाड्या किती जातात, आणि मुख्य म्हणजे पुराचं पाणी कुठवर चढतं ते तुम्ही दाखवायचं. पुलाची उंची त्यावरून धरली जाईल. मी त्या दिवशी इतकी खुश झाले की संध्याकाळी गोडाचा शिरा केला. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तो शिरा ताटात तसाच ठेवला.

आत्याबाईंनी शिरा का टाकला हे समजायला आमचं गाव माहीत असायला हवं. आमचं गाव मूळचं इथलं नाही. मूळ गाव खाली नदीकाठी होतं, ते धरणात गेलं. आत्याबाई तेव्हा नव्या सून होत्या. त्यांच्या गावातही असेच साहेब आले होते, त्यांनीही असंच विचारलं होतं, की पाणी कुठवर येतं. साध्याभोळ्या लोकांनी बोटं करून दाखवलं. मग भिंतींवर तांबड्या रंगाच्या रेघा मारल्या गेल्या, आणि रेघेखालचं होतं ते सगळं गेलं. खरं म्हणजे धरणाचं पाणी आणि पुराचं पाणी यांचा काही संबंध नसतो, लोकांनी दाखवलं नसतं तरी गाव गेलंच असतं. पण आमच्या गावानं त्यातून एकच धडा घेतला होता, की साहेबाला पाणी दाखवायचं नाही.

म्हणून साहेब यायच्या आधी पारावर बैठक झाली. माझे चुलत सासरे जुने पंच, त्यांना सगळे मामा म्हणत आणि त्यांचा शब्द कुणी मोडत नसे. मामांनी ठरवून दिलं. साहेबानं विचारलं की सगळ्यांनी एका तोंडानं सांगायचं, पुलावर पाणी येतं ते हातभर, त्याच्यावर न्हाई. गावात पाणी? कवाच आलं न्हाई. आणि भिंतींवरचे डाग? ते बायांनी बघायचे.

बायांनी बघितले. एका ड्रमात चुना कालवला, जुन्या केरसुण्यांचे कुंचे केले आणि ओळीनं भिंती पोतारायला घेतल्या. चुना काही सगळ्या गावाला डोक्यापासून पायापर्यंत पुरणार नव्हता, त्यामुळे जिथवर डाग तिथवर चुना असा हिशोब झाला. मी वरपर्यंत हात घालायला गेले तर आत्याबाई म्हणाल्या, "वर कशाला? वर डाग हाय का?"

आम्ही दोघी आमच्या घराच्या बाहेरच्या भिंतीशी होतो. दुसरं कुणी जवळ नव्हतं. मी म्हटलं, "आत्याबाई, हातभर पाणी सांगितलं अन् पूल तसाच बुटका झाला तर?"

"झाला तर झाला. आतापस्तोर काय उडून जात व्हतो आमी?"

"तुमचाच लेक जातो त्याच्यावरून. मागं चाक घसरलं तवा तुमी बी पाहिलं की."

त्यांचा हात थांबला. "माझा लेक हाय म्हणून तर पोतारून राहिले. त्याला घर नको? त्याच्या लेकराला नको? तू काय जाणं. तुझं माहेर सेनगाव जिथल्या तिथं हाय. गाव बुडालेल्या माणसाला इचार." मग कुंचा चुन्यात बुचकळून त्या पुन्हा भिंतीकडे वळल्या. त्यांचं चुकत होतं असं मला म्हणता येईना. माझंही चुकत नव्हतं. दोघींना भीतीच वाटत होती, फक्त वेगवेगळ्या पाण्याची.

हे जीप धूत असताना मी त्यांना गाठलं. आवं, तुमी तरी सांगा साहेबाला खरं, म्हटलं. ते फडकं पिळत म्हणाले, "सगळं गाव एका तोंडानं बोलून राहिलं अन् मी एकटा काय सांगू? उद्या गाव उठलं तर लोक मला जोडे मारतील."

"मग मी सांगते."

"तू गप बैस," ते म्हणाले. पण ते रागानं म्हणाले नाहीत, आणि म्हणून मला जास्तच धास्ती वाटली. ज्या माणसाला रोज त्या पाण्यातून जायचं होतं त्यालाही मनातून काय हवं होतं ते मला दिसत होतं.

साहेब आले ते सकाळच्याच वेळी. गावात शिरतानाच थांबून बघू लागले. सगळं गाव नवं पांढरं झालेलं.

"वा!" ते म्हणाले. "काही सण आहे का?"

मामा पुढे झाले. "न्हाई साहेब. आमच्याकडं रिवाजच हाय. चैत लागला की भिंती पोतारायच्या."

"पण अर्ध्यापर्यंतच?"

"व्हय. अर्ध्यापस्तोरच."

मागे उभ्या असलेल्या बायांनी पदर तोंडात कोंबले. साहेबांनी मोठ्या कौतुकानं गळ्यातला कॅमेरा काढला आणि आमच्या रिवाजाचा फोटो घेतला. त्यांना वाटलं असेल, डोंगराळ भागातली काही जुनी चाल असेल. मलाही हसू आलं होतं, नाही असं नाही.

मग सगळे पुलावर गेले. पुरुष पुढे, बाया मागे, मी बायांच्याही मागे. साहेबांबरोबर एक माणूस होता, त्याच्या हातात तांबड्या रंगाचा डबा आणि कुंचला. तो डबा बघताच आत्याबाई पुलाच्या तोंडाशीच थांबल्या, पुढे आल्या नाहीत. साहेबांनी समजावून सांगितलं, की पूल बांधताना आधी मोठ्यातला मोठा पूर धरतात, त्याच्या वर पुलाचा तळ ठेवतात, म्हणजे पाणी खालून जातं. कागदावर आम्ही गणित करतो, पण ज्यांनी पूर पाहिला त्यांना विचारल्याशिवाय ते गणित पुरं होत नाही. ते चांगलं बोलत होते. कुणाला घाबरवत नव्हते. तरी ते जितकं चांगलं बोलत तितकी माणसं आणखी आवळून उभी राहत.

"तर सांगा, पाणी कुठपर्यंत येतं?"

"हातभर," मामा म्हणाले.

"हातभरच," दुसरा म्हणाला. "हातभर," तिसरा म्हणाला. साहेबांनी यांच्याकडे बघितलं. "तुम्ही तर जीप चालवता. तुम्ही सांगा." यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग पायाकडे. "हातभर," ते म्हणाले.

मला तिथं उभं राहवेना. मी तोंड फिरवलं आणि गावाकडे बघितलं, आणि बघतच राहिले. गावात असताना कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. कुणाच्या भिंतीला चुना छातीपर्यंत होता, कुणाच्या गुडघ्यापर्यंत, वरच्या आळीला तर जेमतेम वीतभर. पण पुलावरून बघितलं तर त्या सगळ्या भिंतींचा पांढरा भाग वर जिथं संपत होता तिथून एकच सरळ रेघ गेलेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोरी धरून ओढावी तशी. गावानं डाग झाकायच्या नादात सगळा पूर पांढऱ्या चुन्यात काढून ठेवला होता. आमच्या घराशी तर ती रेघ पुलावर उभ्या माणसाच्या डोक्याच्या वरून जात होती.

पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की आता आपण सापडलो, साहेबांनी मागं वळून बघू नये. मग दिसलं, की साहेबांच्या माणसानं डबा उघडला आहे आणि कठड्याच्या दगडाशी खाली बसून हातभर उंची मोजतो आहे. तिथंच रेघ पडणार होती. पुढचा पूल त्या रेघेवर उभा राहणार होता, आणि हे पुन्हा डोकी दिसतात का बघत त्याच्यावर गाडी घालणार होते, मी मरेपर्यंत किंवा ते मरेपर्यंत. मला आता कळतं की मी विचार करून बोलले नाही. विचार केला असता तर गप्प बसले असते.

"साहेब," मी म्हटलं, "जरा माघारी वळून गाव बघा."

सगळ्यांनी वळून बघितलं, साहेबांच्या आधी गावानंच बघितलं. साहेब कपाळावर हात धरून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी हळूच विचारलं, "तुमचा रिवाज आहे म्हणालात ना?"

"बाईमाणसाचं काय घेऊन बसलात साहेब," मामा म्हणाले, पण त्यांचाच आवाज पडला होता. मी म्हटलं, "चुना पाण्याच्या डागावर लावलाय. हत्तीच्या पावसात तिथवर पाणी व्हतं. मी त्या पाण्यातून लेकरू खांद्यावर घेऊन गेले." हे येऊन माझ्या बाजूला उभे राहिले, एवढंच. साहेबांनी त्या माणसाला डबा बंद करायला सांगितलं आणि गाडीतून उंची मोजायची दुर्बीण आणि पट्टेवाली काठी काढायला लावली.

पुलाच्या तोंडाशी आत्याबाई होत्या. मी जवळून गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "घालवलं घर." दुसरं काही नाही. त्यानंतर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलत, आणि कामही नजरेनं सांगता येईल असंच शोधत.

साहेबांनी निघताना गावाला शब्द दिला, की पूल वेगळा आणि धरण वेगळं, पुलासाठी कुणी गाव उठवत नाही. ते त्यांच्या परीनं खरं बोलले. पण पुढचे काही महिने मी कशी काढले ते माझं मला माहीत. कुठलीही सरकारी गाडी दिसली की मी हातातलं काम टाकून ओट्यावर यायची. आडावर मी गेले की बाया बोलणं थांबवायच्या. एकीनं तर तोंडावर विचारलं, "काय गं, आता कुठं ऱ्हायला जायचं तेबी तूच सांग की साहेबाला."

नकाशा तयार झाल्यावर साहेब पुन्हा आले. शाळेच्या व्हरांड्यात टेबलावर नकाशा पसरला आणि सगळ्यांना जवळ बोलावलं. पूल चांगला उंच धरला होता. गाव जिथल्या तिथं राहत होतं. पण पूल उंच म्हणजे रस्ताही दुरून चढत यायला हवा, त्याला मातीचा मोठा भराव लागतो, आणि तो भराव रस्त्याकडेच्या आमच्या ओळीवरून जात होता. गाव वाचलं आणि आमची ओळ गेली. साहेबांचं बोट नकाशावर ज्या पहिल्या चौकोनावर टेकलं ते आमचं घर.

त्या वेळी मला काय वाटलं ते सरळच सांगते. मला पळून जावंसं वाटलं. आपण एक बोललो आणि आपलंच घर पहिल्यांदा गेलं, शेजारच्या म्हातारीचं गेलं, जी मागं आमच्या भांडणात मधे पडली होती. डोंगराच्या पोटाला गायरानात जागा मिळणार होती, घरं बांधून होईपर्यंत पत्र्याचे शेड. साहेब म्हणाले, अजून काही सांगायचं असेल तर आत्ताच सांगा, एकदा काम सुरू झालं की बदलता येणार नाही. यांनी सांगितलं, नवा पूल चालू होईस्तोवर जुन्याला हात लावायचा नाही, नदीतून काढलेला कच्चा रस्ता पहिल्या पुरात जातो. साहेबांनी मान्य केलं. आणि मागून आत्याबाईंचा आवाज आला.

"मेंढरू पुलावर बिथरतं," त्या साहेबांना म्हणाल्या. माझ्याकडे त्यांची पाठ होती. "खाली पाणी दिसलं, मागून गाडी वाजली, की एकानं उडी घेतली तर सारी घेतील. आमची मेंढरं काठाकाठानं जातात. तुमचा भराव आडवा येऊन राहिला. त्याच्या खालून वाट ठेवा. माणूस उभा जाईल येवढी."

साहेबांनी तिथल्या तिथं पेन्सिलीनं काठाशी एक जादा गाळा काढला, दोन खांबांमधली कोरडी वाट, मेंढरांसाठी. आत्याबाईंनी तो नीट बघून घेतला. घर जाणार ते जाणारच होतं, पण मेंढरांची वाट त्यांनी सोडली नाही. त्यांचं हे मला तेव्हाही फार आवडलं. सांगायची मात्र सोय नव्हती.

घर उतरवलं त्या दिवशी आत्याबाई मेंढरांमागं निघून गेल्या आणि सगळं आवरल्यावरच आल्या. नंतरचा पावसाळा आम्ही पत्र्याखाली काढला, आणि तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट पावसाळा. कारण भराव झाला, नदीत खांब उभे राहिले, आणि काम थांबलं. ठेकेदाराची माणसं गेली ती आलीच नाहीत. घर गेलेलं, नवा पूल नाही, आणि हे रोज जुन्याच पुलावरून जाताहेत. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की बाहेरचं काही ऐकू यायचं नाही, जीपचा आवाजही नाही. मी दारात उभी राहायची. यांना काही झालं तर मी आत्याबाईंना तोंड कसं दाखवणार, घरही माझ्यामुळे आणि हेही, हा एकच विचार डोक्यात फिरत असायचा. आत्याबाई आत चुलीपाशी बसून असत. त्याही जेवत नसत. जीप आली की दोघी उठून आपापल्या कामाला लागायचो, एकमेकींकडे न बघता. यांना त्या काळात मी देवाधर्माची शपथ घातली होती, की डोकी दिसली तरी घालायची नाही. ते पाळत. पलीकडच्या गावात थांबत, आणि मी इकडे ते थांबलेत की गेलेत या विचारात.

पूल झाला शेवटी. उद्‌घाटनाला मांडव पडला, भाषणं झाली, लोकांनी मिळून केलेलं काम म्हणून गावाचं कौतुक झालं. मामांना फेटा बांधला. मामांनी तो बांधून घेतला आणि पाणी दाखवल्याचं श्रेयही थोडं घेतलं, माझी हरकत नव्हती. आमचं नवं घर झालं, दगडाचं, वर. लोक विसरले. आत्याबाई विसरल्या नाहीत. त्या नव्या पुलावर एकदाही चढल्या नाहीत. मेंढरं घेऊन त्या कोरड्या गाळ्यातूनच जायच्या आणि यायच्या, आणि नवं कुणी भेटलं की ओळख करून देताना म्हणायच्या, ही माझी सून, हिनं माझं घर घालवलं. म्हणताना हसायच्या. मीही हसायची. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

काही वर्षांनी, पुन्हा हत्तीच्याच पावसात, आत्याबाईंना ताप भरला. दोन्ही वेळा काढा दिला, उतरला नाही, आणि सकाळी त्या भलतंच बोलू लागल्या. यांनी जीप दाराशी लावली. मागच्या सीटवर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मी बसले आणि आम्ही औंढ्याच्या दवाखान्याकडे निघालो. पाऊस लागून राहिला होता. पुलावर आल्यावर मी एकदाच बाहेर बघितलं. नदी फुगून गेली होती, जुना पूल कुठं होता तेही कळत नव्हतं. यांनी गाडीचा वेग जराही कमी केला नाही.

पलीकडे गेल्यावर आत्याबाईंनी डोळे उघडले. "गाडी थांबवा," त्या म्हणाल्या. "पाणी उतरू द्या."

"आत्याबाई, आपून पूल वलांडला."

"कवा?"

"आताच."

त्यांनी पुन्हा डोळे मिटले. मला वाटलं पुन्हा ग्लानी आली. मग म्हणाल्या, "मंग घरावरून आलो का गं?"

मला आधी कळलं नाही. मग आठवलं, भरावाखाली आमचं जुनं घर होतं. "व्हय," मी म्हटलं.

"सांगायचं व्हतं. पाया पडले असते."

दवाखान्यातून सुट्टी झाली तेव्हा ऊन पडलं होतं. येताना पूल ओलांडला आणि मी यांना भरावावर गाडी थांबवायला सांगितली. आत्याबाई माझ्या खांद्याचा आधार घेऊन खाली उतरल्या. पण डांबरी रस्त्यावर घर कुठं शोधायचं? मी म्हटलं, इथं चूल होती. "काही तरी सांगून राहिली," त्या म्हणाल्या, "चूल तिकडं. ही तर बाहेरची वसरी." आम्ही दोघी भर रस्त्यात चुलीवरून भांडायला लागलो. मागून एक ट्रक येऊन हॉर्न वाजवू लागला. शेवटी त्यांनी त्यांची चूल धरली, खाली बसल्या आणि रस्त्याला डोकं टेकवलं. मग वर बघून मला म्हणाल्या, "उभी काय राहिली? तू बी पड पाया. तूच दिलं न्हवं हे घर."

मी खाली बसले. डांबर गरम होतं. हे गाडीतून उतरले आणि त्या ट्रकवाल्याला हातानं थांब म्हणून सांगत उभे राहिले.